मुलांच्या हाती शहराचा नकाशा

शाळेत शहर शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे? आपल्या पाठ्यपुस्तकांत शहर येते ते तुकड्यातुकड्यांनी. भूगोलात लोकसंख्या आणि उद्योगधंदे, नागरिकशास्त्रात महापौर, आयुक्त आणि त्यांची कामे, इतिहासात वाडे आणि वेशी. आपल्या शाळेसमोरचा रस्ता एवढाच रुंद का, बाजार याच चौकात का भरतो, पावसाचे पाणी नेमके याच गल्लीत का तुंबते, या प्रश्नांना मात्र कोणत्याच तासाला जागा मिळत नाही. वास्तुकला आणि नगररचना हे मोठेपणी महाविद्यालयात शिकायचे विषय, असे आपण धरून चालतो.

हे गृहीत न मानता एका शहराने नगररचनेचे रीतसर पाठ्यपुस्तक काढले आणि ते आठवीच्या वर्गाला लावले. ते शहर अमेरिकेतील शिकागो. पुस्तकाचे नाव ‘वॅकर्स मॅन्युअल ऑफ द प्लॅन ऑफ शिकागो’, प्रकाशनाचे साल १९११. या पुस्तकाने काय साधले आणि त्यात काय राहून गेले, हे तपासले तर आपल्यालाही बरेच शिकता येईल.

पुस्तकामागचा आराखडा

१८७१ सालच्या आगीत शिकागोचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर शहर झपाट्याने उभे राहिले आणि त्याहून झपाट्याने वाढले. १८९० साली तेथील लोकसंख्या सुमारे अकरा लाख होती. १९१० साली ती जवळजवळ बावीस लाखांवर पोहोचली. वीस वर्षांत दुप्पट! रेल्वेचे जाळे शहराच्या अंगाखांद्यावर वाटेल तसे पसरलेले, नदीवरचे पूल अपुरे, मिशिगन सरोवराचा काठ रुळांनी अडवलेला, अशी अवस्था होती.

तेव्हा ‘कमर्शियल क्लब’ या व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेने डॅनियल बर्नहॅम आणि एडवर्ड बेनेट या वास्तुशिल्पींकडून शहराचा आराखडा करून घेतला. तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. बर्नहॅमचे नाव आपल्याला परिचयाचे नसले तरी त्याचे एक काम आपल्या ऐकण्यातले आहे. १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली होती आणि तिथे स्वामी विवेकानंद बोलले होते. त्या प्रदर्शनाच्या बांधकामाचा प्रमुख हाच बर्नहॅम.

आराखड्यात सरोवराकाठी सलग उद्याने, शहराभोवती राखीव वने, रुंद केलेले रस्ते, चौकटीच्या रस्त्यांना छेदणारे तिरके राजमार्ग, रेल्वे स्थानकांची फेरमांडणी आणि एक भव्य नागरी केंद्र अशा सूचना होत्या. हे सर्व करायचे तर पैसा हवा आणि त्यासाठी शहराने कर्जरोखे काढायला हवेत. कर्जरोख्यांना मतदारांची संमती लागे. शिवाय काम एका वर्षाचे नव्हते, पिढीचे होते. म्हणून आराखड्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या आयोगाने पुढच्या पिढीच्या मतदारांकडे, म्हणजे शाळेतल्या मुलांकडे लक्ष वळवले. आयोगाचे अध्यक्ष चार्ल्स वॅकर. त्यांच्या नावाने निघालेले पुस्तक लिहिले आयोगाचे व्यवस्थापक वॉल्टर मूडी यांनी. मूडी शिक्षक नव्हते, नगररचनाकारही नव्हते. त्यांचे आधीचे पुस्तक विक्रेत्यांविषयी, विक्री कशी करावी याविषयी होते. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

श्रेय द्यायलाच हवे

या पुस्तकाला नावे ठेवण्याआधी त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. पहिली गोष्ट म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आपल्या शहराचा खराखुरा आराखडा समजू शकेल, असा विश्वास त्यात आहे. मुलांसाठी म्हणून एखादे खोटे, खेळण्यातले शहर त्याने उभे केले नाही. ज्या रस्त्यांवरून मुले शाळेत येत होती, त्याच रस्त्यांची नावे पुस्तकात होती.

दुसरी गोष्ट, शहर आपोआप होत नाही, ते माणसे घडवतात, हे या पुस्तकाने मुलांना ठसवले. जुन्या नगरांची रचना, पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात ओस्मानने केलेले बदल, मग शिकागो, अशी मांडणी करून त्याने एक महत्त्वाचा विचार दिला: रस्ता, उद्यान, पूल हे कुणीतरी घेतलेले निर्णय असतात. निर्णय असतात म्हणजे ते वेगळेही असू शकले असते. आपल्याकडच्या किती पाठ्यपुस्तकांतून हा विचार मुलांपर्यंत पोहोचतो?

तिसरी गोष्ट म्हणजे परिणाम. १९१२ ते १९३१ या काळात शिकागोच्या मतदारांनी आराखड्याशी संबंधित सुमारे ८६ कर्जरोख्यांना मान्यता दिली. १७ निरनिराळी कामे आणि २३ कोटी डॉलरहून अधिक खर्च, असा त्याचा आवाका होता. १९२० साली मिशिगन अव्हेन्यूचा पूल झाला, १९२६ साली नदीकाठचा दुमजली रस्ता झाला आणि त्याला वॅकर यांचेच नाव दिले गेले. हे सारे एका पुस्तकामुळे झाले असे म्हणणे चूक ठरेल. व्याख्याने, पत्रके, वर्तमानपत्रे यांतूनही मोठा प्रचार झाला होता. पण शाळेत आराखडा शिकलेली मुले पुढे मतदार झाली, हेही खरेच आहे.

उत्तरे आधीच ठरलेले प्रश्न

मग दोष कुठे आहे? पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाला जोडून प्रश्न दिलेले आहेत. त्यांची उत्तरे बहुतेक करून त्या प्रकरणातच सापडतात. आराखडा का आवश्यक आहे, त्याचे फायदे कोणते, अशा धाटणीचे हे प्रश्न आहेत. उठून बाहेर जा, मोजा, विचारा आणि मग आराखड्याचे म्हणणे पटते का ते सांगा, असा सूर त्यांत नाही. शहराचा आराखडा मुलांपुढे सिद्ध झालेल्या प्रमेयासारखा ठेवला आहे; फक्त सिद्धता पाठ करायची. इथे मूडी यांचा विक्रेत्याचा पिंड दिसतो. विक्रेता गिऱ्हाइकाला वस्तूचे गुण समजावून सांगतो. वस्तू घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न तो स्वतःहून उभा करत नाही.

याचे एक उदाहरण आठवीच्याच गणितातून घेऊ. शिकागोचे रस्ते मुख्यतः काटकोनी चौकटीत आखलेले आहेत. एक किलोमीटर बाजूच्या चौरसाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचे, तर दोन बाजूंनी २ किलोमीटर चालावे लागते. कर्णावर रस्ता असेल तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार अंतर सुमारे १.४१ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ २९ टक्के बचत. बर्नहॅमच्या तिरक्या राजमार्गांच्या बाजूने हा बिनतोड मुद्दा आहे.

पण गणित इथे थांबवायचे का? कर्णावरचा रस्ता ३० मीटर रुंद धरला तर त्याला सुमारे ४२,४०० चौरस मीटर, म्हणजे चार हेक्टरांहून थोडी अधिक जमीन लागेल. आधीचे छेदरस्ते त्यातून वजा केले तरी उरलेली जमीन मोकळी नाही. तिथे घरे आणि दुकाने आहेत. शिवाय बचत होते ती कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्याची. सरळ रस्त्याने जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. उलट, चार फाट्यांच्या चौकाला तिरका रस्ता छेदून गेला की सहा फाटे होतात. तिथे प्रत्येक दिशेला मिळणारा वेळ कमी होतो आणि पायी चालणाऱ्याचे काम अवघड होते. आता प्रश्न असा: रस्ता करावा की नाही? याचे उत्तर पायथागोरस देऊ शकत नाही. फायदा किती जणांचा, तोटा कुणाचा, भरपाई कोण देणार, हे विचारावे लागते. गणिताने प्रश्न नेमका होतो आणि नागरिकशास्त्राने तो पुरा होतो. ‘मॅन्युअल’मध्ये पहिला अर्धा भाग आहे, दुसरा जवळजवळ नाही. प्रत्यक्षात या तिरक्या मार्गांपैकी फारच थोडे बांधले गेले.

पुस्तकात न आलेला नकाशा

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आराखड्यातली ज्यूल्स गेरिन यांनी रंगवलेली चित्रे आजही पाहत राहावीत इतकी देखणी आहेत. मात्र शहराची दृश्ये बहुतेक आकाशातून पाहिलेली आहेत. इतक्या उंचीवरून इमारतींच्या रांगा दिसतात, माणूस दिसत नाही. दाटीवाटी आणि आरोग्य यांची काळजी पुस्तकात आहे, पण तिच्यावरचा उपाय म्हणजे उद्याने आणि रुंद रस्ते. कामगारांच्या घरांचा प्रश्न बाजूलाच राहतो.

आणि नेमका तोच प्रश्न मांडणारा नकाशा शिकागोतच सोळा वर्षे आधी तयार झालेला होता! जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ साली हल हाऊस ही संस्था स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत सुरू केली होती. तेथील कार्यकर्त्यांनी १८९५ साली ‘हल-हाऊस मॅप्स अँड पेपर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. फ्लॉरेन्स केली यांच्या देखरेखीखाली घरोघर फिरून गोळा केलेली माहिती त्यातल्या नकाशांवर रंगांनी भरली होती. एका नकाशात कोणत्या घरात कोणत्या देशातून आलेली माणसे राहतात ते दिसते, दुसऱ्यात कुटुंबाची आठवड्याची कमाई दिसते. हॅल्स्टेड आणि स्टेट, पोक आणि बारावा, या चार रस्त्यांमधला हा भाग. क्षेत्रफळ जेमतेम एक तृतीयांश चौरस मैल.

यातला बारावा रस्ता लक्षात ठेवा. बर्नहॅमच्या आराखड्यातील जी कामे मतदारांपुढे सर्वांत आधी आली, त्यांत याच बाराव्या रस्त्याचे रुंदीकरण होते. १९१२ साली त्याला मान्यता मिळाली. म्हणजे आराखड्याची रेघ पडली ती हल हाऊसच्या नकाशाच्या दक्षिण सीमेवर. ‘मॅन्युअल’ वाचणाऱ्या मुलापुढे हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले असते तर? एकावर रस्ता कुठून जाणार ते आहे, दुसऱ्यावर तिथे कोण राहते ते आहे. एवढ्याने त्या मुलाच्या मनात जो प्रश्न उठला असता, तो खरा नगररचनेचा पहिला धडा ठरला असता.

या परिसराची पुढची कथाही सांगायला हवी. आराखड्यातले भव्य नागरी केंद्र हल हाऊसपासून जवळच, हॅल्स्टेड आणि काँग्रेस रस्त्यांच्या चौकात व्हायचे होते. ते कधीच झाले नाही. पुढे त्या जागी महामार्गांचा प्रचंड गुंता उभा राहिला. १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या संकुलासाठी हल हाऊसच्या बहुतेक इमारती आणि आसपासची वस्ती पाडण्यात आली. तेव्हा तिथल्या रहिवाशांनी, विशेषतः स्त्रियांनी, मोठा विरोध केला, पण तो उपयोगी पडला नाही.

निदान आधी, औषध नंतर

आराखडा समजावून सांगण्याऐवजी शहर पाहायला शिकवणारी दुसरी परंपरा त्याच काळात स्कॉटलंडमध्ये आकार घेत होती. तिचे जनक पॅट्रिक गेडिस यांच्याशी आपले थेट नाते आहे. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे. डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १८९२ साली त्यांनी एडिनबरोतील एक जुना मनोरा घेतला आणि त्याचे ‘आउटलुक टॉवर’ असे शैक्षणिक संग्रहालय केले. सर्वांत वर आरसा आणि भिंग यांच्या साहाय्याने भोवतालच्या शहराचे हलते चित्र मेजावर पाडणारी अंधारी खोली. तिथून बाहेर गच्चीवर यायचे आणि तेच शहर डोळ्यांनी पाहायचे. मग एकेक मजला खाली उतरत जायचे: एडिनबरो, स्कॉटलंड, इंग्रजी भाषिक देश, युरोप आणि तळाला सारे जग.

१९१४ साली गेडिस भारतात आले. त्यांच्या नगररचनेच्या प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडवले, तेव्हा त्यांनी नव्याने साहित्य जमवून प्रदर्शन भरवले. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी उपचार, हे वैद्याचे तंत्र त्यांनी शहराला लावले. जुनी वस्ती सरसकट पाडून रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. एखादे पडके घर काढा, छोटी मोकळी जागा करा, विहीर साफ करा, झाड वाचवा, असे कमीत कमी कापाकापीचे उपाय ते सुचवत.

इंदूरमध्ये त्यांनी केलेला प्रयोग तर लोकशिक्षणाचा नमुनाच म्हणावा लागेल. प्लेगने शहर त्रस्त झाले होते. होळकरांच्या संमतीने गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि तिचा नेहमीचा मार्ग बदलला. ज्या भागात लोकांनी घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या असतील, त्या भागातून मिरवणूक जाणार, असे जाहीर झाले. मग सफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा राक्षस होता, नव्या शहराची देवता होती आणि घरोघर वाटायला तुळशीची रोपेही होती. शहराचा आराखडा लोकांना इथे ऐकायला मिळाला नाही. तो त्यांनी स्वतःच्या दारापुढे करून पाहिला.

रस्त्यावरची शाळा

या परंपरेला शाळेच्या वेळापत्रकात आणण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात झाला. कॉलिन वॉर्ड १९७१ साली तेथील ‘टाउन अँड कंट्री प्लॅनिंग असोसिएशन’चे शिक्षण अधिकारी झाले आणि शिक्षकांसाठी परिसर-शिक्षणाची पत्रिका चालवू लागले. १९७३ साली त्यांनी आणि अँथनी फायसन यांनी ‘स्ट्रीटवर्क’ हे पुस्तक लिहिले. शाळेने वर्गाबाहेर पडावे, रस्ता हीच प्रयोगशाळा मानावी आणि मुलांनी तिथले प्रश्न केवळ पाहून न थांबता त्यांत बोलण्याचा हक्क मिळवावा, असे त्यांचे म्हणणे. १९७८ साली वॉर्ड यांचे ‘द चाइल्ड इन द सिटी’ आले.

‘मॅन्युअल’मध्ये जे नाही ते इथे आहे. पण या पद्धतीलाही मर्यादा आहेत. रस्त्यावरून सारेच दिसत नाही. आपल्या नळाचे पाणी शंभर किलोमीटरांवरच्या धरणातून येते, लोकलचा फाटा तिसऱ्याच जिल्ह्यात अडतो, कचरा शहराबाहेरच्या गावाच्या वाट्याला जातो. फक्त गल्ली पाहणारा मुलगा आपल्या गल्लीचा उत्तम वकील होईल, पण शेजारच्या गावाचे दुःख त्याला दिसणार नाही. त्यासाठी नकाशा हवा, उंची हवी. म्हणून गेडिस यांचा मनोरा मला या तिघांत अधिक शहाणा वाटतो. त्याच्या माथ्यावरून शहर पाहता येते आणि त्याला खाली रस्त्यावर येणारा जिनाही आहे.

आपल्या वर्गात काय करता येईल?

हा केवळ परदेशी पुस्तकांचा वाद नाही. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. २०१५ साली मुंबईचा असा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, वारसा वास्तूंच्या चुकीच्या नोंदी अशा चुका लोकांनीच दाखवल्या. हजारोंनी हरकती आल्या. आराखडा नव्याने तपासावा लागला आणि सुधारित आराखडा २०१८ साली मंजूर झाला. ‘मॅन्युअल’च्या धर्तीवर शिकलेल्या विद्यार्थ्याने आराखड्याचे फायदे बिनचूक लिहिले असते, आपल्या गल्लीतली चूक त्याला सापडली असती का, याची शंका वाटते. चूक शोधायला आधी आपली गल्ली माहीत असावी लागते.

यासाठी वेगळा विषय किंवा वेगळा तास लागत नाही. शाळेसमोरच्या रस्त्याचा आडवा छेद मुलांना टेपने मोजून आलेखाच्या कागदावर काढू द्या: पदपथ किती, उभ्या गाड्यांनी व्यापलेला भाग किती, चालायला उरलेला किती. रस्ता १२ मीटर रुंद असेल आणि मूल सेकंदाला १.२ मीटर चालत असेल तर ओलांडायला १० सेकंद लागतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात १०० मीटर येते. आजोबांचा वेग निम्मा धरला तर काय होईल, हे मुलेच काढतील. पावसाळ्यात शाळेच्या १,००० चौरस मीटर पटांगणावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होते. पटांगण मातीचे असेल तर त्यातले काही जिरेल. फरशी घातली तर जवळजवळ सारे गटारात जाईल. ते गटार केवढे आहे आणि पुढे कुठे जाते, हे पाहून यायला सांगा.

हल हाऊससारखा रंगीत नकाशाही करता येईल. मात्र घरांची कमाई, जात किंवा भाषा त्यात आणू नये. वर्गातल्या मुलांना एकमेकांपुढे उघडे पाडण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याऐवजी गल्लीगल्लीत नळाला किती तास पाणी येते, सावली देणारी झाडे किती, सर्वांत जवळचे मैदान किती पावलांवर आहे, हे रंगांनी दाखवावे. हे झाल्यावरच शहराचा मंजूर आराखडा वर्गात आणावा आणि मुलांनी केलेल्या नकाशाशेजारी टांगावा.

क्रम महत्त्वाचा आहे. आराखडा आधी दाखवला की मुले त्यातलेच शहर पाहू लागतात. शहर आधी पाहिले की ती आराखड्याला प्रश्न विचारतात. १९११ च्या त्या पुस्तकाने मुलांवर मोठा विश्वास टाकला, पण तो पुढे होकार देतील एवढ्यापुरताच. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारून मग होकार द्यावा किंवा नकार द्यावा. तो कशाच्या आधारावर दिला हे त्यांना सांगता आले, तर नगररचनेचा धडा झाला असे समजावे.